धान्याचा भाव आणि घराची मिळकत : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील निर्वाहखर्चाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कुटुंबाच्या आर्थिक स्थितीचे मोजमाप करण्याच्या ज्या पद्धती अर्थशास्त्रात रूढ आहेत, त्यांपैकी मिळकतीचा किती भाग अन्नावर खर्च होतो हे पाहण्याची पद्धत सर्वांत जुनी व सर्वांत विश्वसनीय मानली जाते. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगल यांनी १८५७ मध्ये बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाच्या आधारे असे दाखवून दिले की, कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या एकूण खर्चातील अन्नाचा वाटा मोठा असतो. हा सिद्धांत पुढे जगभर स्वीकारला गेला. तथापि, ज्या समाजात मिळकतीचा मोठा भाग रोख पैशात नव्हे तर धान्यात येतो, अन्नाचा मोठा भाग दुकानातून नव्हे तर शेतातून व रानातून येतो, त्या समाजाला हे मोजमाप जसेच्या तसे लावता येते काय, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहेत. सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडील अवर्षणप्रवण पठारापर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात काही तासांच्या प्रवासात पाऊस, पीक, आहार आणि रोजगार हे सर्वच बदलते. बाजारातील मीठ, गूळ व गोडेतेल यांचा भाव दोन्ही टोकांस फारसा भिन्न नसतो. परंतु तो भाव देण्याची घराची ताकद मात्र अत्यंत भिन्न असते. या भिन्नतेचा ऐतिहासिक मागोवा घेणे आणि शासकीय मोजमापांत ती कितपत उतरली याची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी ब्रिटिश काळातील गॅझेटिअर, ग्रामपाहण्या, कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाचे अहवाल आणि स्वातंत्र्योत्तर काळातील राष्ट्रीय नमुना पाहणीचे निष्कर्ष या साधनांचा आधार घेतला आहे.

प्रदेशाची पार्श्वभूमी

स्थूलमानाने या दोन तालुक्यांचे तीन विभाग पडतात. पश्चिमेस नाणेघाट, हडसर, आपटाळे, डिंभे व भीमाशंकरपर्यंतचा डोंगराळ पट्टा आहे. येथे प्रामुख्याने महादेव कोळी, ठाकर व कातकरी समाजाची वस्ती असून भात, नाचणी व वरई ही मुख्य पिके आहेत. शेतीबरोबरच हिरडा गोळा करणे हे येथील रोख मिळकतीचे एक प्रमुख साधन राहिले आहे. मध्य भागात कुकडी, मीना व घोड या नद्यांची खोरी येतात. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, घोडेगाव व मंचर ही बाजारपेठेची गावे याच भागात आहेत. पूर्वेस आणे पठार, बेल्हे तसेच आंबेगाव तालुक्यातील लोणी-धामणीचा भाग येतो. तेथे पर्जन्यमान अल्प असून बाजरी व ज्वारी ही परंपरेने मुख्य पिके होत.

या तीन विभागांखेरीज चौथा विभागही लक्षात घ्यावा लागतो आणि तो म्हणजे मुंबई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या तालुक्यांतील पुरुष मंडळी गिरण्या, गोदी, बाजारपेठा व जेवणाच्या डब्यांच्या वाहतुकीसाठी मुंबईत जात राहिली. त्यामुळे येथील अनेक घरांची चूल एका ठिकाणी आणि मिळकत दुसऱ्या ठिकाणी अशी विभागणी झाली. या घरांचा जमाखर्च केवळ गावाच्या हद्दीत मांडता येत नाही.

प्राचीन व्यापार आणि धान्याचे स्थान

जुन्नर हे सातवाहनकाळापासून व्यापारी केंद्र होते. कोकणातील बंदरे व घाटमाथा यांना जोडणारा नाणेघाट हा त्याचा मुख्य मार्ग. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकात जमा करण्यासाठी होता अशी परंपरा आहे. जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. अन्य लेखांत बांबूकाम करणारे व कासार यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचे उल्लेख येतात. धान्याचा व्यापार करणारा वर्ग लेणे कोरवून देण्याइतका संपन्न होता, याचा अर्थ त्या काळीही या परिसरात धान्य विकत घेणारा मोठा वर्ग अस्तित्वात होता. भिक्षुसंघ, कारागीर, तांडेवाले व नगरवासी हे त्यात असावेत. शेतकरी मात्र प्रामुख्याने आपल्या शेतातील धान्यावर जगत असणार. धान्य पिकविणारा आणि धान्य विकत घेणारा या दोन वर्गांतील भेद या प्रदेशात दोन हजार वर्षांइतका जुना आहे.

बलुतेदारी आणि धान्यातील मिळकत

मध्ययुगात व पेशवाईच्या काळात गावगाड्याची घडी बलुत्यावर आधारलेली होती. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग इत्यादींस त्यांच्या कामाचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. शेर, पायली, मण व खंडी ही मापे केवळ व्यापाराची मापे नव्हती; ती मिळकतीचीही मापे होती. ज्या घराची मिळकत पायलीत येते, त्या घराला धान्याची महागाई प्रत्यक्ष जाणवत नाही. त्याला जाणवते ती पिकाची तूट. याउलट ज्याची मिळकत रोख रकमेत येते, त्याला पीक उत्तम येऊनही भाव चढल्यास उपासमार सोसावी लागते. दोन्ही संकटांचा परिणाम चुलीवर सारखाच होत असला, तरी त्यांची कारणे व उपाय भिन्न आहेत.

या व्यवस्थेत दुकानातून आणावयाच्या वस्तू मोजक्या होत्या. त्यांत मीठ हे सर्वांत अपरिहार्य. कोकणातील मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर येई आणि त्याची किंमत रोख किंवा धान्यात चुकवावी लागे. ब्रिटिश अमदानीत १८८८ साली मिठावरील कर मणाला अडीच रुपये करण्यात आला. मिठाचा वापर श्रीमंत व गरीब घरांत जवळपास सारखाच असल्याने या कराचा भार मिळकतीच्या प्रमाणात गरिबावर अधिक पडे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ च्या अर्थसंकल्पावरील भाषणात या कराविरुद्ध आवाज उठविला आणि १९०३ पासून तो टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आला. किराण्याचा खर्च आणि मिळकत यांचे प्रमाण हा राजकीय प्रश्न बनल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

सावकारी आणि धान्याचे कर्ज

पुणे जिल्ह्यातील कुणब्यांच्या जमाखर्चाचे आरंभीचे तपशीलवार वर्णन डॉ. थॉमस कोट्स यांच्या लोणी गावाविषयीच्या १८१९ मधील निबंधात सापडते. त्या गावातील शेतकऱ्यांच्या ८४ कुटुंबांपैकी १५-१६ कुटुंबे वगळता उर्वरित सर्व कमी-अधिक कर्जात होती, असे त्यांनी नोंदविले. पेशवाईचा अस्त नुकताच झाला होता. म्हणजे कर्जबाजारीपणा हा केवळ नव्या राजवटीचा परिणाम नव्हता. तथापि, नव्या राजवटीत शेतसारा रोख रकमेत व ठरावीक मुदतीत भरण्याची सक्ती आल्याने त्याचे स्वरूप पालटले. सुगीत भाव पडलेले असताना धान्य विकून सारा भरावयाचा आणि आषाढ-श्रावणात तेच धान्य चढ्या भावाने उचलावयाचे, हे चक्र सुरू झाले.

धान्याचे कर्ज बहुधा सवाईने किंवा दिढीने दिले जाई. पावसाळ्यात चार पायल्या नेल्या तर दिढीच्या हिशेबाने सुगीनंतर सहा पायल्या परत करावयाच्या. म्हणजे चार-पाच महिन्यांत दीडपट. सावकाराने कर्ज पैशात लिहून घेतले असेल, तर व्यवहार याहून कठीण होई. समजा, पावसाळ्यात रुपयाला चार पायल्या असा भाव आहे आणि सुगीत तो रुपयाला आठ पायल्या झाला. पावसाळ्यात घेतलेल्या चार पायल्यांचे मोल एक रुपया लिहिले गेल्यास, व्याज न धरताही फेडीसाठी आठ पायल्या मोजाव्या लागत. भावातील हंगामी चढउतार हाच येथे व्याजाचे काम करीत असे. केवळ वर्षाचा सरासरी भाव पाहणाऱ्या अभ्यासकाच्या नजरेतून हा तोटा पूर्णपणे निसटतो.

याचे सामाजिक पडसाद तीव्र होते. १८७३ ते १८७६ या काळात जांभोरी (आंबेगाव) येथील होन्या भागोजी केंगले यांच्या नेतृत्वाखाली महादेव कोळ्यांनी पश्चिम पट्ट्यातील सावकारांविरुद्ध उठाव केला. १८७५ मध्ये सुपे येथून सुरू झालेले दख्खनचे दंगे हे त्याच असंतोषाचे पूर्वेकडील रूप होते. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तरीही प्रश्न सुटला नाही. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ १८८३ मध्ये सिद्ध केला आणि त्याच दशकाच्या मध्यास जुन्नर परिसरातील कुळांनी सावकार व जमीनदारांच्या जमिनी कसण्यास नकार देऊन लढा उभारला. या लढ्यास सत्यशोधक समाजाचे पाठबळ होते. पश्चिमेकडील कोळ्यांचा शस्त्राचा आणि खोऱ्यातील कुळांचा असहकाराचा मार्ग भिन्न असला, तरी दोन्हींच्या मुळाशी पिकविलेले धान्य स्वतःच्या घरात वर्षभर पुरत नाही, हीच वस्तुस्थिती होती.

दुष्काळ आणि मजुरीचा मापदंड

१८७६-७७ च्या दुष्काळात पुणे जिल्ह्याचा पूर्वभाग अधिक होरपळला. या दुष्काळातील सरकारी कामांच्या निमित्ताने मजुरी आणि धान्याचा भाव यांचा संबंध प्रथमच प्रशासकीय सूत्रात बांधला गेला. मजुरास किमान किती धान्य विकत घेता आले पाहिजे, हे ठरवून त्या दिवशीच्या भावानुसार मजुरी देण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. १८७७ च्या आरंभी हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेम्पल यांच्या आग्रहाने दर मजुरामागे एक पौंड धान्य आणि वर अल्पशी रक्कम असे प्रमाण धरण्यात आले. पुणे सार्वजनिक सभेने या कपातीस विरोध केला आणि अनेक ठिकाणी मजुरांनी कामावर जाण्याचे नाकारले. एक पौंड धान्यात माती वाहणारा माणूस जगू शकतो काय, हा त्या वादाचा गाभा होता. मीठ, मिरची, तेल, सरपण यांचा खर्च त्या 'अल्पशा रकमेत' भागतो असे गृहीत धरले गेले होते. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाली. परंतु किमान निर्वाहाची कल्पना धान्याच्या वजनाशीच निगडित राहिली.

हेरॉल्ड मान यांच्या ग्रामपाहण्या

कुटुंबाची मिळकत व निर्वाहखर्च यांची शास्त्रीय पद्धतीने सांगड घालण्याचे श्रेय पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हेरॉल्ड मान यांच्याकडे जाते. १९१७ मध्ये त्यांनी पुण्यानजीकच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी प्रसिद्ध केली आणि १९२१ मध्ये ना. वि. कानिटकर यांच्या सहकार्याने शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या गावाची. मान यांनी कुटुंबांचे तीन गट पाडले : केवळ शेतीवर निर्वाह भागविणारी, शेती व बाहेरील मजुरी मिळून भागविणारी आणि दोन्ही मिळूनही न भागणारी. पिंपळे सौदागर येथे सुमारे ६५ टक्के कुटुंबे तिसऱ्या गटात आढळली. जातेगाव बुद्रुक येथे हे प्रमाण सुमारे ८५ टक्के होते.

या दोन गावांतील फरक प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत मोलाचा आहे. पिंपळे सौदागर हे पुणे-खडकीच्या जवळ असल्याने तेथील माणसांस दारूगोळा कारखान्यात व अन्यत्र रोख मजुरी मिळे. जातेगाव हे कोरडवाहू, शहरापासून दूर. म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकाच दशकात, बाजाराशी असलेल्या अंतरानुसार निर्वाहाची शाश्वती बदलत होती. जातेगावची परिस्थिती ही जुन्नर-आंबेगावच्या पूर्व पठाराशी बरीच मिळतीजुळती आहे. पश्चिम पट्ट्याची अशी पाहणी मात्र मान यांनी केली नाही. तेथे रानातील कंद, भाजी, मासे यांचा आहारातील वाटा मोठा असल्याने मान यांची तिहेरी वर्गवारी तेथे कशी लावावी, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

मुंबईची चूल

गावात निर्वाह भागत नाही म्हणून मुंबईस गेलेल्या माणसाच्या ताटाची नोंद मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने ठेवली. फिंडले शिरस यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुंबईच्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाच्या अहवालानुसार एकूण खर्चापैकी सुमारे ५७ टक्के खर्च अन्नावर होत होता. याच अहवालात एक बोलकी तुलना आढळते. कामगार जितके धान्य खातो ते दुष्काळ संहितेने ठरविलेल्या कमाल प्रमाणाइतके, परंतु तुरुंगाच्या नियमावलीतील कैद्याच्या शिध्याहून कमी भरते, असे त्यात नमूद केले होते. १८७७ च्या दुष्काळी कामावरील मजूर आणि १९२० च्या दशकातील गिरणी कामगार हे अशा रीतीने एकाच मापाने मोजले गेले.

मुंबईतील जेवणाच्या डब्यांची वाहतूक १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केली, असे मानले जाते. या व्यवसायात खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ व मुळशी या तालुक्यांतील माणसे प्रामुख्याने आली. शहरातील घरचे अन्न कचेरीत पोहोचविणारा हा माणूस स्वतःचे घर मात्र गावी ठेवून आलेला असे. खोलीचे भाडे व जेवणाचा खर्च सामाईक करून उरलेली रक्कम तो गावी पाठवी आणि सुट्टीवरून परतताना गावचे धान्य सोबत आणी. गावच्या धान्याने शहरातील किराण्याचा खर्च कमी होई, तर शहरातील पैशाने गावचा किराणा व शेतीचा खर्च भागे. शहराचा व गावाचा जमाखर्च स्वतंत्रपणे मोजणाऱ्या पाहण्यांमध्ये ही देवाणघेवाण नोंदविली जात नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, मे १९४३ पासून, मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि धान्याचा भाव प्रथमच बाजाराच्या हातून शासनाकडे आला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने या दोन चुलींच्या नात्याची कसोटी पाहिली. मुंबईतील वेतन थांबताच असंख्य कामगार गावी परतले. ज्यांच्या घरी शेती होती त्यांना किमान धान्याचा आधार मिळाला. ज्यांची शेती नव्हती वा खंडाने दिलेली होती, त्यांच्यापुढे दोन्ही बाजू बंद झाल्या.

स्वातंत्र्योत्तर काळ : धरण, हमी आणि दारिद्र्यरेषा

१९७२ च्या दुष्काळाने किराणा व मिळकत यांचा प्रश्न राज्याच्या केंद्रस्थानी आणला. ग्रामीण भागात दुष्काळी कामांवर सुकडी आणि रेशनवर मिलो ही आयात ज्वारी वाटली जात होती. त्याच काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर व प्रमिला दंडवते यांच्या नेतृत्वाखाली महागाईविरोधी महिला आंदोलन उभे राहिले आणि लाटणे हे त्याचे प्रतीक बनले. रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये मंजूर होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मिळकतीची हमी देणारा कायदा आणि भाव रोखण्याची मागणी करणारे आंदोलन ही एकाच समीकरणाची दोन अंगे होती.

याच सुमारास आदिवासी पट्ट्यासाठी वेगळे उपाय योजण्यात आले. आदिवासी विकास महामंडळाची स्थापना १९७२ मध्ये झाली. १९७६ च्या कायद्यान्वये एकाधिकार खरेदी योजना सुरू होऊन हिरड्यासारख्या वनोपजाच्या खरेदीतील सावकार व व्यापाऱ्यांचा वरचष्मा कमी करण्याचा प्रयत्न झाला. पावसाळ्यातील उपासमारीच्या महिन्यांसाठी खावटी कर्ज योजना १९७८ मध्ये आली. खावटी ही कल्पना ऐतिहासिकदृष्ट्या लक्षणीय आहे. कारण निर्वाहाचा प्रश्न वर्षाच्या सरासरीचा नसून विशिष्ट महिन्यांचा आहे, हे तिने मान्य केले. दिढीच्या कर्जाची जागा घेणारी ती शासकीय व्यवस्था होती.

दरम्यान कुकडी प्रकल्पाने मध्य व पूर्व भागाचे अर्थकारण पालटले. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे व डिंभे ही धरणे बांधली गेली. ऊस, द्राक्षे, टोमॅटो व भाजीपाला यांमुळे नारायणगाव व मंचर या बाजारपेठा वाढल्या. विघ्नहर व भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. परंतु डिंभे धरणाच्या पाण्याखाली आंबेगाव हे मूळ गाव आणि खोऱ्यातील भातखाचरे गेली. ज्या घरांचे वर्षाचे तांदूळ त्या खाचरांतून येत, ती घरे धान्य विकत घेणारी झाली. त्यांतील अनेकजण आज नारायणगाव परिसरातील बागायतदारांच्या शेतावर मजुरीसाठी उतरतात. अशा घराच्या बाबतीत रोख मिळकत पूर्वीपेक्षा वाढली, ही गोष्ट कागदावर प्रगतीची वाटते. परंतु पूर्वी विकत न घ्यावे लागणारे धान्य आता विकत घ्यावे लागते, ही दुसरी बाजू त्या कागदावर येत नाही.

बाजारभावाचा परिणाम प्रदेशानुसार कसा उलट होतो, याचे अलीकडील उदाहरण टोमॅटोचे आहे. मे २०२३ मध्ये भाव कोसळल्याने शेतकऱ्यांना काढणीचा खर्चही परवडेना. त्याच वर्षी जुलैमध्ये नारायणगाव बाजारात २० किलोच्या क्रेटला २००० रुपयांहून अधिक भाव मिळाला. बागायतदाराच्या घरी हीच महागाई मिळकत म्हणून आली; त्याच्या शेतात तोडणी करणाऱ्या मजुराच्या घरी मात्र ती खर्च म्हणून आली.

मोजमापाची मर्यादा

वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दारिद्र्यविषयक अभ्यासात दरडोई २२५० उष्मांक हा निकष धरून १९६०-६१ मध्ये सुमारे ४० टक्के ग्रामीण व ५० टक्के नागरी जनता किमान पातळीखाली असल्याचे दाखविले. पुण्यातच झालेल्या या अभ्यासाने शहर व खेडे यांच्या निर्वाहखर्चातील फरक ठळक केला. पुढे राज्यवार रेषा ठरविण्यात आल्या. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनुसार २०११-१२ साठी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाची रेषा दरडोई दरमहा ९६७ रुपये होती. ही एकच रेषा भीमाशंकरच्या वाडीस, आणे पठारास आणि नारायणगावच्या बागायतदार वस्तीस लागू होत होती.

राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात एकूण उपभोगखर्चातील अन्नाचा वाटा १९९९-२००० मध्ये सुमारे ५९ टक्के होता. तो २०११-१२ मध्ये सुमारे ५३ टक्के व २०२२-२३ मध्ये सुमारे ४६ टक्के झाला. तृणधान्याचा वाटा तर याच काळात सुमारे २२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या आसपास आला, तर पेये व तयार खाद्यपदार्थांचा वाटा सुमारे ४ टक्क्यांवरून ९ टक्क्यांहून अधिक झाला. एंगल यांच्या सिद्धांतानुसार ही प्रगतीची चिन्हे होत. त्यात तथ्य आहेच. तथापि, तृणधान्याचा वाटा घटण्यामागे स्वस्त, आणि १ जानेवारी २०२३ पासून मोफत, मिळणारे शिधावाटपाचे धान्य हेही एक कारण आहे. धान्य मिळाले तरी तेल, डाळ, मिरची, चहा व साखर दुकानातूनच आणावी लागते. डोंगरातील वाडीवर ती लहान पुड्यांत, अनेकदा उधारीवर घेतली जाते. लहान प्रमाणात व उधारीवर घेणाऱ्यास एकाच वस्तूचे मोल अधिक पडते, हा बाजाराचा जुना नियम आहे.

या शिधावाटपाचा हक्क मिळकतीच्या मर्यादेवर अवलंबून ठेवला गेला. महाराष्ट्रात १९९९ मध्ये तिरंगी शिधापत्रिका आल्या, तेव्हा पिवळ्या शिधापत्रिकेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १५ हजार रुपये होती. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ ची राज्यात अंमलबजावणी करताना प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात ४४ हजार रुपये व शहरी भागात ५९ हजार रुपये ही मर्यादा ठरविण्यात आली. ४४ हजारांस बारांनी भागल्यास महिन्याला सुमारे ३,६६७ रुपये येतात. २०२२-२३ च्या पाहणीनुसार महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील सरासरी मासिक उपभोगखर्च दरडोई सुमारे ४,०१० रुपये होता. म्हणजे २०१३ मध्ये पूर्ण कुटुंबासाठी ठरविलेली मिळकतीची मर्यादा दहा वर्षांनंतरच्या एका व्यक्तीच्या सरासरी खर्चाहूनही कमी भरते. पाच माणसांच्या घराचा सरासरी खर्च २० हजारांच्या पुढे जातो. रुपयात गोठविलेली मर्यादा आणि वर्षागणिक चढणारा किराणा यांतील हे अंतर कागदोपत्री उत्पन्न कमी दाखविण्यास भाग पाडते, किंवा खऱ्या गरजूस वगळण्याचे निमित्त ठरते. या बाबतीत १८७७ ची पद्धत कितीही कठोर असली, तरी ती त्या दिवशीच्या धान्याच्या भावाशी जोडलेली होती, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत किराण्याच्या भावापेक्षा मिळकतीचे स्वरूप अधिक निर्णायक ठरले आहे. मिळकत धान्यात येते की रोख, वर्षभर येते की ठरावीक महिन्यांत, यावर घराची क्रयशक्ती अवलंबून राहिली.

२) हंगामी भावफरक हे कर्जबाजारीपणाचे एक प्रमुख कारण होते. होन्या केंगले यांचा उठाव, जुन्नरच्या कुळांचा लढा आणि खावटी योजना हे याच प्रश्नाला वेगवेगळ्या काळांत दिलेले प्रतिसाद होत.

३) गाव व मुंबई येथील चुली परस्परपूरक असल्याने या घरांचा जमाखर्च स्वतंत्रपणे मोजणे दिशाभूल करणारे ठरते.

४) रोख मिळकतीतील वाढ म्हणजे निर्वाहातील सुधारणा, असे समीकरण विस्थापित व वनाधारित कुटुंबांना लावता येत नाही. शेतातून व रानातून मिळणारे अन्न गमावल्याची वजावट त्यातून केली पाहिजे.

५) अन्नसाहाय्यासाठी मिळकतीची मर्यादा ठरविताना ती भावनिर्देशांकाशी जोडणे आणि तालुक्यांतर्गत विभागांचा विचार करणे आवश्यक आहे.

डॉ. मान यांनी शंभर वर्षांपूर्वी गावागावांत जाऊन प्रत्येक कुटुंबाची जमा व खर्च समोरासमोर मांडली. पश्चिम पट्ट्याची तशी पाहणी त्यांच्या हातून राहून गेली. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, घोडेगाव व मंचर या ठिकाणी आज महाविद्यालये आहेत आणि तेथील विद्यार्थी याच वाड्या-वस्त्यांतून येतात. इतिहास, अर्थशास्त्र व भूगोल या विभागांनी संयुक्तपणे, आषाढात एकदा व मार्गशीर्षात एकदा, अशी पाहणी हाती घेतल्यास सरासरीच्या आकड्यांत दडलेले घर प्रथमच अभ्यासकांच्या व शासनाच्या दृष्टीस पडेल.